प्राचीन जीवांची नाती वंशवृक्षावर शोधताना या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांत प्राणिशास्त्राच्या प्रोजेक्टच्या फायली जमा व्हायला लागल्या की वंशवृक्षांचे कागद गठ्ठ्याने समोर येतात. चित्रे सुबक असतात, रंगीत असतात, आणि चुका दरवर्षी त्याच असतात. त्यातल्या काही किरकोळ आहेत, एका वाक्यात सांगून सुटतात. दोन-तीन मात्र अशा आहेत की त्यांनी अख्खा प्रोजेक्ट फुकट जातो.

उत्क्रांतीवर आधारलेले वर्गीकरण हा नात्यांबद्दलचा दावा असतो. नामशेष प्राण्याचे हाड हातात असले तरी त्याच्या हृदयाला किती कप्पे होते, मादी अंडी एकदम घालायची की एकेक, पिलांची राखण व्हायची की नाही, हे त्या हाडावर लिहिलेले नसते. ते आपण झाडावरून काढतो. म्हणून झाड चुकले, किंवा बरोबर झाड चुकीचे वाचले, तर त्यावर उभे केलेले प्रत्येक वाक्य चुकते.

झाड शिडीसारखे वाचणे

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. कागदावर डावीकडून रोहू, बेडूक, घोरपड, मगर, कोंबडी आणि शेवटी शेळी काढलेली असते. मग खाली लिहिलेले असते, ‘माशापासून बेडूक झाला, बेडकापासून सरपटणारे प्राणी झाले.’ टोकांच्या ओळीला मिरवणूक समजून वाचल्याचा हा परिणाम.

टोकांच्या क्रमाला काहीही अर्थ नसतो. फांदी जिथे फुटते तो नोड जागच्या जागी फिरवता येतो. डावी फांदी उजवीकडे गेली तरी नाते तेच राहते. सहा टोकांच्या, प्रत्येक ठिकाणी दोनच फांद्या फुटणाऱ्या झाडात पाच नोड असतात, म्हणजे एकच झाड ३२ वेगवेगळ्या क्रमांनी काढता येते. त्यातल्या काही क्रमांत शेळी मध्ये येते आणि कोंबडी टोकाला जाते. तुमचे उत्तर त्या ३२ चित्रांत बदलत असेल तर तुम्ही झाड वाचत नाही, ओळ वाचता आहात.

तपासायला एक प्रश्न पुरतो. बेडूक रोहूच्या जवळचा की शेळीच्या? निम्मा वर्ग ‘रोहूच्या’ म्हणतो, कारण चित्रात ते शेजारी असतात आणि दोघेही पाण्यात दिसतात. काही जण मधले नोड मोजतात. तेही चूकच, कारण नोडची संख्या आपण किती जाती झाडात घेतल्या यावर ठरते. दोन जाती काढून टाकल्या की संख्या बदलते, नाते बदलत नाही. बरोबर रीत अशी: दोन्ही टोकांवर एकेक बोट ठेवा आणि फांद्यांवरून बुंध्याकडे सरकवत जा. बोटे जिथे भेटतात तो त्या दोघांचा सर्वांत अलीकडचा सामायिक पूर्वज. बेडूक आणि शेळीची बोटे चार पायांच्या प्राण्यांच्या नोडवर भेटतात. बेडूक आणि रोहूची त्याच्याही खाली, अधिक जुन्या नोडवर. म्हणून बेडूक शेळीच्या जवळचा. आणि घोरपड, मगर, कोंबडी, शेळी या चौघांशी बेडकाचे नाते अगदी सारखे आहे, कारण चौघांबरोबरची भेट एकाच नोडवर होते.

यावर सवय एकच लावून घ्यावी. प्रत्येक झाड दोनदा काढायचे. दुसऱ्यांदा मुद्दाम दोन-तीन नोड फिरवून, माणूस किंवा शेळी मध्यभागी येईल असे. दहा मिनिटे जातात. ज्यांना ती दहा मिनिटे जड वाटतात त्यांनी पुढच्या भागांकडे वळूच नये, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे.

याच चुकीचे दुसरे रूप म्हणजे आजच्या जिवंत प्राण्याला पूर्वज म्हणणे. सीलाकांथ हा मासा १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जाळ्यात मिळाला. तोवर हा गट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच संपला असे मानले जात होते. तेव्हापासून ‘आपला पूर्वज सापडला’ हे वाक्य पुस्तकातून पुस्तकात फिरते आहे. सीलाकांथ आणि आपण दोघेही आज जिवंत आहोत. सामायिक पूर्वजापासून दोघांनी सारखाच काळ काढला आहे. शिवाय चार पायांच्या प्राण्यांच्या अधिक जवळचा मासा फुफ्फुसमासा आहे, सीलाकांथ नाही. २०१३ मध्ये सीलाकांथचा जीनोम वाचला गेला तेव्हाही हेच दिसले. जिवंत जात दुसऱ्या जिवंत जातीची पूर्वज नसते. जीवाश्मसुद्धा झाडात टोकावरच बसवायचा, नोडवर नाही. आर्किऑप्टेरिक्स हा पिसे असलेला जीवाश्म आजच्या पक्ष्यांचा थेट आजोबा होता की चुलत आजोबा, हे हाडांवरून सिद्ध करता येत नाही. तो कोणत्या फांदीवर बसतो एवढे मात्र दाखवता येते.

जुने साम्य धरून गट बांधणे

घोरपड आणि मगर दोघींना खवले, दोघी सरपटतात, दोघी थंड रक्ताच्या, म्हणून एका गटात; कोंबडीला पिसे, म्हणून वेगळी. शाळेपासून हेच शिकवले जाते. पण खवल्यांची कातडी आणि थंड रक्त ही जुनी लक्षणे आहेत. ती घोरपड-मगरीचे खास नाते सांगत नाहीत, फक्त दोघींनी जुने सोडले नाही एवढेच सांगतात. गट बांधायला नवे लक्षण लागते, जे त्या गटाच्या पूर्वजात पहिल्यांदा आले आणि सगळ्या वंशजांकडे गेले. स्नायूंची पेषणी, म्हणजे अन्न दळणारा पोटाचा भाग, मगरीत आणि कोंबडीत आहे, घोरपडीत नाही. मगर आणि कोंबडी यांचा सामायिक पूर्वज घोरपडीपासून वेगळा झाल्यानंतरचा आहे, आणि डायनोसोर याच मगर-कोंबडी गटात बसतात.

हृदयाचे चार कप्पे मात्र जपून वापरा. मगर, कोंबडी आणि शेळी तिघांतही ते आहेत, पण शेळीच्या वंशात ते स्वतंत्रपणे आले. एकाच लक्षणावर भरवसा ठेवणारा इथे हमखास कोंबडी आणि शेळी एका फांदीवर बसवतो.

लक्षणांचा तक्ता करताना रकान्यांत ० आणि १ भरण्याआधी आउटग्रुप, म्हणजे अभ्यासाच्या गटाबाहेरची पण नात्यातली जात, ठरवा. कोणते लक्षण जुने आणि कोणते नवे हे आउटग्रुपच सांगतो. तो न घेता भरलेला तक्ता म्हणजे नुसती आकडेमोड.

गमावलेल्या लक्षणांवर नाते ठरवणे

चाळीसगावजवळच्या पाटणे इथे १९७० च्या दशकात एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे आणि त्याचे मणी मिळाले. एका तुकड्यावर एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची नक्षी कोरलेली आहे. काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. खान्देशात शहामृग होता याचा हा पुरावा आपल्या दाराशी आहे, म्हणून ‘न उडणारे मोठे पक्षी’ हा विषय इथल्या मुलांना आवडतो. विषय उत्तम आहे. झाड मात्र बहुतेक वेळा पन्नास वर्षांपूर्वीचे असते.

ते जुने झाड असे. आफ्रिकेचा शहामृग, दक्षिण अमेरिकेचा रिआ, ऑस्ट्रेलियाचे एमू आणि कॅसोवरी, न्यूझीलंडचा किवी आणि नामशेष मोआ, मादागास्करचा नामशेष हत्तीपक्षी हे सगळे एका न उडणाऱ्या पूर्वजाचे वंशज. तो पूर्वज गोंडवन खंडावर राहत होता, खंड फुटला, आणि प्रत्येक तुकड्यावर एकेक पक्षी राहिला. पुरावा काय, तर सगळ्यांची उरोस्थी (छातीचे हाड) सपाट, उड्डाणाचे स्नायू जिथे चिकटतात तो उभा कंगोरा तिच्यावर नाही, पंख खुजे, पिसे विस्कटलेली, शरीर मोठे. चार-पाच लक्षणे एकाच बाजूला बोट दाखवत होती आणि भूगोलही जुळत होता. दशकानुदशके हे शिकवले गेले.

डीएनए वाचायला लागल्यावर हे झाड मोडले. २००८ मध्ये तिनामू हे दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले, उडू शकणारे पक्षी थेट या गटाच्या आत जाऊन बसले. त्यानंतर मोआचे सर्वांत जवळचे नातेवाईक तिनामू निघाले. न्यूझीलंडमध्ये शेजारी राहिलेला किवी नाही. २०१४ मध्ये हत्तीपक्ष्याच्या हाडांतल्या प्राचीन डीएनएने सगळ्यांना चकित केले. शेकडो किलो वजनाच्या या मादागास्करच्या पक्ष्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक निघाला कोंबडीएवढा किवी. त्या दोघांचे वंश सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. न्यूझीलंड तर गोंडवनापासून सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वीच सुटले होते, आणि मादागास्कर आफ्रिकेपासून त्याच्याही फार आधी. मध्ये समुद्र पसरल्यावर वेगळे झालेले दोन वंश दोन बेटांवर पोचले, तर त्यांचा पूर्वज उडणारा असलाच पाहिजे.

झाड बदलले तसा तो प्राचीन पूर्वज बदलला. आधी तो मोठा आणि न उडणारा होता. आता तो लहान आणि उडणारा ठरला. किवीचे अंडे त्याच्या शरीराच्या मानाने प्रचंड का असते, यावर ‘तो मोआएवढ्या पूर्वजापासून आक्रसला’ असे उत्तर दिले जायचे. त्या उत्तराचा आधार गेला. एकही नवे हाड न सापडता, नुसते नाते दुरुस्त केल्याने हे झाले.

मग मूळ चूक कुठे होती? दोन ठिकाणी. सपाट उरोस्थी, खुजे पंख, विस्कटलेली पिसे ही वेगवेगळी लक्षणे म्हणून मोजली गेली, पण ती सगळी एकाच कारणाची फळे आहेत. उडणे थांबले की ही लक्षणे एकामागून एक आपोआप येतात. तक्त्यात चार रकाने भरले तरी पुरावा एकच होता. दुसरे म्हणजे ती गमावण्याची लक्षणे आहेत. एखादी गोष्ट नव्याने घडवणे अवघड, गमावणे सोपे, त्यामुळे तेच गमावणे वेगवेगळ्या वंशांत पुन्हा पुन्हा होते. गुहेतल्या माशांचे डोळे जातात तसेच.

इथे घाईने कमीत कमी बदलांची बेरीज करणारेही फसतात. तिनामू गटाच्या आत असताना उड्डाण एकदा गेले आणि तिनामूत एकदा परत आले असे धरले तर बदल दोनच. प्रत्येक वंशात वेगळे गेले असे धरले तर बदल जास्त. बेरीज पहिल्याच्या बाजूने झुकते. पण गेलेले उड्डाण, त्याचे स्नायू, हाडे आणि पिसे यांसकट, परत येणे हे जाण्याइतके सोपे नाही. दोन्ही बदलांना सारखे वजन दिले की सॉफ्टवेअर आनंदाने चुकीचे उत्तर देते.

माझी सवय साधी आहे. तक्त्यात प्रत्येक गमावलेल्या लक्षणापुढे पेन्सिलीने एक खूण करायची, आणि ज्या लक्षणांचे कारण एकच असू शकते त्यांना कंसाने जोडायचे. मग झाड दोनदा काढायचे, एकदा ती लक्षणे धरून आणि एकदा वगळून. वगळल्यावर गट विस्कटला तर तो गट नव्हताच, असे धरून पुढे जायचे.

पाटण्याच्या कवचाबद्दलही जपून लिहा. आयआयटी रुरकी आणि हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये भारतातल्या शहामृगाच्या जुन्या कवचांतून डीएनए मिळवला आणि तो आफ्रिकी शहामृगाशी जुळणारा निघाला. यावरून भारतात खरोखर शहामृगच होता एवढे सिद्ध होते. ‘भारत गोंडवनातून सरकताना शहामृग बरोबर घेऊन आला’ हे वाक्य त्यातून निघत नाही. तसे म्हणायला त्या काळातले भारतीय जीवाश्म लागतील.

डायनोसोरवर मनाला येईल ते चढवणे

सातपुडा ओलांडून नर्मदेच्या खोऱ्यात उतरले की मध्य प्रदेशच्या धार जिल्ह्यात डायनोसोरच्या अंड्यांचा खजिना आहे. २०२३ मध्ये तिथल्या ९२ घरट्यांची आणि २५६ अंड्यांची नोंद प्रसिद्ध झाली. ही अंडी टायटॅनोसोरची, म्हणजे लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या डायनोसोरची, आणि बहुतेकांचा व्यास १५ ते १७ सेंटिमीटर. नंदुरबारहून जाऊन पाहण्यासारखी जागा आहे. पण तिथून आलेल्या प्रोजेक्टमध्ये आई डायनोसोर अंड्यांवर कोंबडीसारखी बसलेली दिसते, तेव्हा विचारावे लागते, हे कशावरून?

नामशेष प्राण्याच्या मऊ अवयवांबद्दल आणि वागण्याबद्दल बोलायची एक ठरलेली पद्धत आहे. लॉरेन्स विटमर यांनी १९९५ मध्ये ती नीट मांडली. जीवाश्म ज्या दोन जिवंत गटांच्या मध्ये बसतो ते दोन गट शोधायचे. डायनोसोरसाठी एका बाजूला मगर, दुसऱ्या बाजूला पक्षी. लक्षण दोघांत असेल तर ते डायनोसोरमध्ये होते असे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते. एकातच असेल तर विधान कच्चे, जीवाश्माचा आधार हवाच. दोघांतही नसेल तर तो अंदाज, आणि अंदाज म्हणूनच लिहायचा.

आता धारच्या टायटॅनोसोरवर हे लावा. चार कप्प्यांचे हृदय मगरीत आहे, पक्ष्यांत आहे, लिहा. घरट्याची आणि पिलांची काही ना काही राखण मगरी करतात, पक्षीही करतात. म्हणून डायनोसोरांच्या पूर्वजात ती होती असे म्हणायला आधार आहे. पण अमुक टायटॅनोसोर तमुक घरट्याजवळ थांबत होता, हे त्यातून निघत नाही. एखाद्या वंशात लक्षण नंतर गेलेलेही असू शकते. अंड्यांवर बसून ऊब देणे पक्ष्यांत आहे, मगरीत नाही. ते एका बाजूचे लक्षण. कित्येक टन वजनाच्या प्राण्याने १५ सेंटिमीटरच्या अंड्यावर बसायचे चित्र काढण्याआधी एवढा तरी विचार करा.

धारमध्येच याचे सुंदर उदाहरण मिळाले. दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये पाडल्या गावाजवळच्या एका अंड्यात अंडे असल्याचे दाखवले, म्हणजे पूर्ण कवच असलेल्या अंड्याभोवती दुसरे कवच. मगरी आणि कासवांत कवचावर कवच चढलेली विकृत अंडी माहीत आहेत, पण अंड्यात अंडे तोवर फक्त पक्ष्यांत ठाऊक होते. तयार झालेले अंडे अंडनलिकेत मागे ढकलले जाते, तिथे पुढचे अंडे तयार होत असते, आणि दोन्ही एका कवचात जातात. हे घडायला अंडी एकामागून एक तयार व्हावी लागतात. पक्ष्यांत तसेच होते. मगरीची अंडनलिका पक्ष्यांसारखी विभागलेली असली तरी ती सगळी अंडी एकदम घालते. त्यामुळे टायटॅनोसोरची अंडनलिका विभागलेली होती हे दोन्ही बाजूंनी भक्कम होते, आणि अंडी एकेक तयार होत असावीत ही पक्ष्यांकडची, कच्ची बाजू त्या एका दगडाने बळकट केली. झाड आणि जीवाश्म एकमेकांना असे धरतात.

राजासोरसला पिसे लावणाऱ्यांनाही हेच. गुजरातेत राहिओलीला सापडलेला आणि २००३ मध्ये नाव मिळालेला हा मांसाहारी डायनोसोर ॲबेलिसोरिड कुळातला आहे. त्याच कुळातल्या अर्जेंटिनाच्या कार्नोटोरसच्या कातडीचे ठसे मिळाले आहेत, आणि त्यांत खवले आहेत. जवळच्या नातेवाइकाचा प्रत्यक्ष पुरावा असताना लांबच्या नात्यातल्या चिनी डायनोसोरची पिसे उसनी आणायचे कारण नाही.

एक सावधगिरी. दोन बाजूंचे प्राणी नीट तपासल्याशिवाय लक्षण कुठवर पसरले आहे हे कळत नाही. फुप्फुसांत हवा एकाच दिशेने वाहणे हे आधी पक्ष्यांचे खास मानले जायचे. २०१० मध्ये ते ॲलिगेटरमध्ये दिसले, आणि पुढे आपल्या घोरपडीच्या आफ्रिकी बहिणीतही. एका मोजमापाने लक्षण झाडात खाली सरकते, आणि डायनोसोरबद्दलचे विधानही बदलते.

बटण दाबले, झाड आले

मेगा किंवा तसल्या सॉफ्टवेअरमध्ये डीएनएचे सीक्वेन्स (बेसचे क्रम) टाकून पाच मिनिटांत झाड येते, आणि बहुतेकांचा अभ्यास तिथेच संपतो. मधल्या पायऱ्या वगळल्या की काय होते ते क्रमाने सांगतो.

सगळ्या जातींचा तोच जीन आणि त्याचा तोच भाग घेतला आहे ना, हे लांबी पाहून तपासा. अलाइनमेंट, म्हणजे एकाखाली एक जुळवून लावलेले सीक्वेन्स, डोळ्यांनी वरपासून खालपर्यंत वाचा. मायटोकॉन्ड्रियाचा प्रथिन बनवणारा जीन असेल तर जेनेटिक कोडच्या यादीत ‘व्हर्टिब्रेट मायटोकॉन्ड्रियल’ निवडा. ‘स्टँडर्ड’ राहिला तर टीजीए हा ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा कोडॉन (तीन बेसचा संकेत) स्टॉप, म्हणजे प्रथिन इथेच संपते, असा दिसतो, आणि मुले घाबरून चांगला सीक्वेन्स फेकून देतात. कोड बरोबर असूनही मध्येच स्टॉप येत असेल तर तो केंद्रकात जाऊन पडलेल्या निकामी प्रतीचा सीक्वेन्स असू शकतो. तो खरोखर काढून टाका. एनडी३ जीनमध्ये अनेक पक्ष्यांत आणि कासवांत एक जास्तीचा, वाचला न जाणारा बेस असतो, तो ठाऊक नसेल तर पुढची सगळी चौकट सरकते.

आउटग्रुप जवळचा घ्या, पण गटाबाहेरचा. शहामृग-किवी-तिनामूच्या झाडाला कोंबडी आणि बदक योग्य. मगर घेतली तर ती इतकी लांबची की मूळ कुठेही चिकटते.

बूटस्ट्रॅप, म्हणजे प्रत्येक नोड किती टक्के वेळा पुन्हा येतो याची चाचणी, १,००० वेळा चालवा, आणि ७० च्या खालचा नोड मोकळा सोडा, जोडून दाखवू नका. बूटस्ट्रॅप १०० आला म्हणजे झाड खरे, असे मात्र समजू नका. तो तुमच्याच डेटातून पुन्हा पुन्हा नमुने काढतो. डेटाचा कल चुकीच्या बाजूला असेल तर शंभरही चुकीच्याच बाजूला येतात.

याची सर्वांत मोठी ठेच मायक्रोस्पोरिडियाने दिली. रेशीम अळीला पेब्रिन रोग करणारा नोसेमा याच गटातला. या एकपेशीय परजीवींत नेहमीसारखे मायटोकॉन्ड्रिया दिसत नाहीत. १९८३ मध्ये त्यांना ‘आर्किझोआ’ या गटात ठेवले गेले. केंद्रक असलेल्या पेशींना मायटोकॉन्ड्रिया मिळण्याआधीच्या काळाचे हे अवशेष, अशी ती कल्पना. १९८७ मध्ये रायबोसोमल आरएनएच्या झाडानेही त्यांना केंद्रकी जीवांच्या अगदी बुंध्याशी बसवले. म्हणजे आदिम पेशी कशी होती हे पाहायचे तर नोसेमा पाहा, असे झाले. मग १९९० च्या दशकात ट्युब्युलिनसारख्या प्रथिनांच्या जीन्सनी त्यांना बुरशीच्या शेजारी नेले, मायटोकॉन्ड्रियाशी निगडित प्रथिनाचा जीन त्यांच्यात सापडला, आणि २००२ मध्ये खुद्द आक्रसलेले मायटोकॉन्ड्रियाचे अवशेषही दिसले. ते आदिम नव्हतेच. परजीवी जगण्यात त्यांनी बरेच काही टाकून दिले होते, आणि त्यांचे जीन्स फार वेगाने बदलले होते.

वेगाने बदललेल्या वंशाची फांदी लांब होते, आणि दोन लांब फांद्यांत योगायोगाने जुळणारे बेस साठत जातात. आउटग्रुपची फांदी तर लांब असतेच. त्यामुळे वेगवान वंश आउटग्रुपकडे, म्हणजे बुंध्याकडे ओढला जातो आणि प्राचीन दिसतो. जोसेफ फेल्सेन्स्टाइन यांनी हा धोका १९७८ मध्येच गणिताने दाखवला होता. उपाय: झाड फांद्यांच्या खऱ्या लांबीसकट पाहा, सरळ केलेल्या चित्रात नाही. एखादी फांदी बाकीच्यांच्या तीन-चार पट लांब आणि नेमकी बुंध्याशी असेल तर संशय घ्या. तिच्या जवळच्या आणखी जाती घालून ती मध्ये तोडा, कोडॉनचा तिसरा बेस वगळून पाहा, दुसरा जीन घ्या, आणि आउटग्रुप काढून उरलेले झाड तसेच राहते का ते बघा. एका जीनवर ‘सर्वांत आदिम जीव’ असा मथळा कधीही देऊ नका.

आणि सगळी झाडे तपासून सर्वोत्तम निवडले असेही लिहू नका. दहा जातींची बुंधा असलेली झाडे ३ कोटी ४४ लाख ५९ हजार ४२५ होतात. सॉफ्टवेअर शोध घेते, सगळी पाहत नाही.

जीवाश्माचे वय म्हणजे वंशाचे वय समजणे

सर्वांत जुना सापडलेला जीवाश्म वंशाचे किमान वय सांगतो, जन्मतारीख नाही. टिक्टालिक म्हणजे मासे आणि चार पायांचे प्राणी यांच्यामधला, सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म. झाडावरून आणि खडकांच्या वयावरून जागा हेरून कॅनडाच्या एल्समीर बेटावर तो २००४ मध्ये शोधला गेला. पुढे २०१० मध्ये पोलंडमध्ये सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीचे चार पायांच्या प्राण्यांचे म्हणून वाचलेले माग जाहीर झाले. त्यामुळे टिक्टालिकची झाडातली जागा खोटी ठरत नाही. तो फांदीवर तिथेच बसतो. त्याचा वंश त्याच्याही आधीपासून चालत आला असणार, एवढेच. टोकाची तारीख आणि नोडची तारीख वेगळी लिहा.

आधी तो जीवाश्म आहे का ते पाहणे

हे खास खान्देशासाठी. आपल्या पायाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हजार अंशांच्या वर तापलेल्या रसात हाडे टिकत नाहीत. जीवाश्म मिळाले तर ते दोन लाव्हाथरांमधल्या गाळाच्या थरात, लाव्हाच्या खालच्या गाळाच्या खडकात, किंवा नद्यांच्या फार अलीकडच्या गाळात. विहीर खोदताना फुटलेल्या दगडावर नेच्यासारखी काळी नक्षी दिसली तर ती बहुधा भेगेत झिरपलेल्या मँगनीज ऑक्साइडची आहे. नेच्याला मधली शीर आणि तिला ठरावीक अंतरावर फुटलेली पाने असतात. या नक्षीला ती शिस्त नसते, आणि ती भेगेच्या कडेपासून आत पसरलेली दिसते. पोकळीतले पांढरे, दातासारखे खडे झिओलाइट या खनिजाचे किंवा गारगोटीचे. कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल गोटे म्हणजे झिजलेला बेसाल्ट. त्यांचे पापुद्रे आतपर्यंत एकावर एक असतात. अंड्याला एकच पातळ कवच असते, एक ते तीन मिलिमीटरचे, कॅल्साइटचे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने ते फसफसते. मात्र नुसत्या फसफसण्यावर जाऊ नका, बेसाल्टच्या पोकळीतला कॅल्साइटही तसाच फसफसतो. भिंगाखाली कवचाच्या बाहेरच्या बाजूचे उंचवटे आणि आरपार जाणारी श्वासछिद्रे दिसली तरच अंडे म्हणा.

उलटी चूकही होते. त्याच पाडल्या गावात लोक ज्या गोल दगडांची काकड भैरव म्हणून पूजा करत होते, ती टायटॅनोसोरची अंडी असल्याचे २०२३ मध्ये पुढे आले. म्हणून शंका असेल तर फेकू नका आणि खणूनही काढू नका. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या, जागेचे अक्षांश-रेखांश आणि कोणत्या थरात, वरच्या लाव्हापासून किती खाली हे टिपून ठेवा, आणि मग भूविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला तिथेच बोलवा. थरातून उचलून खिशात घातलेल्या जीवाश्माला झाडात जागा देता येईल, पण त्या फांदीवर तारीख घालता येणार नाही.